जैविकला हे चालतं का? इनपुट आणि खाण्यातले पदार्थ तपासायची आमची पद्धत

मागच्या पावसाळ्यात मुरबाडच्या आमच्या जैविक शेतीच्या गटातल्या एका काकांचा फोन आला. म्हणाले, "युरियाला आता निंबोळीचं कोटिंग असतं ना, मग जैविकला चालेल की!" मला हसू आलं, पण नंतर वाटलं की प्रश्न काही वेडगळ नाही, कारण आपण सगळेच असंच ठरवत असतो. नाव झाडपाल्याचं वाटलं की चालतं, नाव इंग्रजी वाटलं की नाही चालत. या हिशोबाने तंबाखू चालायला हवी आणि सायट्रिक ॲसिड बंद व्हायला हवं, पण प्रत्यक्षात जवळजवळ उलटं आहे.

मी राहतो ऐरोलीला, शेत टोकावड्याच्या अलीकडे, आणि माल जातो ठाण्यातल्या चार-पाच सोसायट्यांमध्ये, भाजी, तांदूळ आणि बायकोच्या हातचं लोणचं, आगळ वगैरे. गटाची इनपुटची फाईल माझ्याकडे असते त्यामुळे "हे चालतं का" हा फोन आठवड्यातून दोनदा तरी येतो. तर मी तपासतो कसं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी यादी कुठली ते ठरवा

"जैविकला चालतं" असं हवेत काही नसतं, कुठल्या तरी एका यादीप्रमाणे चालतं. आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचा कार्यक्रम, अपेडा चालवतं (त्यांचं ऑफिस आपल्या वाशीलाच आहे), त्याची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, त्यामुळे कोणी जुनी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली तर आधी आवृत्ती बघा. दुसरा पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाचा, यात गटातले शेतकरीच एकमेकांचं शेत तपासतात, खर्च कमी, लोकल विक्रीला बरा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे दोन्ही चालतात आणि दोन्हीतून जैविक भारतचा लोगो मिळतो. लहान शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्या नियमात प्रमाणपत्राची सूट आहे, पण सूट कागदाची आहे, काय वापरलं त्याची नाही, हे आमच्या गटात मला फार वेळा सांगावं लागलंय.

माल बाहेर जाणार असेल तर खरेदीदाराच्या देशाची यादी वेगळी. अमेरिकेने एनपीओपीची मान्यता २०२१ मध्ये काढून घेतली, तिथे आता थेट त्यांच्या नियमांनी सर्टिफिकेट लागतं. युरोपचं २०१८/८४८ हे रेग्युलेशन आहे आणि त्यातल्या पदार्थांची यादी २०२१/११६५ मध्ये. शहापूर-मुरबाडकडून भेंडी एक्सपोर्टला जाते त्यांना हे ऐकून माहीत असेल. म्हणजे पहिला प्रश्न "हे चालतं का" नाही, "माल कोणाला विकणार" हा आहे. एकदा ठरलं की ती एक यादी प्रिंट काढून गोठ्यात टांगा, बाकीच्यांचा विचार सोडा.

ब्रँडचं नाव नको, आत काय आहे ते विचारा

दुकानात "ऑरगॅनिक टॉनिक", "हर्बल फवारा", "बायो" असं काहीतरी हिरव्या पानाचं चित्र असलेलं देतात. यादीत ब्रँड नसतात, पदार्थ असतात. म्हणून लेबलवरून तीन गोष्टी काढायच्या, मुख्य घटक कुठला आणि किती टक्के, बाकीचं काय मिसळलंय (सॉल्व्हंट, इमल्सिफायर, प्रिझर्वेटिव्ह), आणि रजिस्ट्रेशन कशाखाली आहे. खतं येतात १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली, कीटकनाशकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली. पण नीट समजून घ्या, रजिस्ट्रेशन असणं म्हणजे जैविकला परवानगी नाही, रजिस्ट्रेशन तर युरियालाही आहे. उलट लेबलवर घटकच नसतील आणि दुकानदार म्हणत असेल "शंभर टक्के वनस्पतीजन्य, पण दोन दिवसात किडे साफ," तर मी ती बाटली हातात पण धरत नाही. झाडपाला सहसा इतक्या झटक्यात काम करत नाही, बऱ्याचदा आत काहीतरी मारलेलं असतं आणि उद्या भाजीच्या लॅब रिपोर्टमध्ये ते निघालं की तुम्ही अडकता, दुकानदार नाही.

निंबोळी तेल चालतं, पण त्याच तेलाच्या तयार बाटलीत कुठलं सॉल्व्हंट आहे ते कंपनीकडून लेखी घ्यावं लागतं. घरी पाच टक्के निंबोळी अर्क केला तर हा सगळा ताप वाचतो, फक्त निंबोळ्या उन्हाळ्यात वेचून ठेवायला लागतात आणि तेव्हा कोणाला वेळ नसतो.

कशापासून, आणि कसं बनवलं

इथे खरी गंमत आहे. दोन पोती डोळ्यासमोर आणा. एका पोत्यात रॉक फॉस्फेट, म्हणजे खाणीतला फॉस्फेटचा दगड बारीक दळून. दुसऱ्यात सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे तोच दगड, त्यावर गंधकाचं ॲसिड टाकून विरघळणारा केलेला. पहिलं जैविकला चालतं (कॅडमियमची मर्यादा पाळून), दुसरं नाही. दगड एकच, फरक मधल्या ॲसिडचा. दळणं, चाळणं, वाळवणं, आंबवणं, वाफ देणं हे सगळं साधारण चालतं, रसायन टाकून पदार्थच बदलून टाकला की बहुतेक वेळा नाही.

काकांच्या युरियाचं उत्तर पण इथेच. युरिया हा रेणू गोमूत्रात पण असतो, रेणूशी भांडण नाहीये. कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया करून त्याचा युरिया बनवतात, आणि तो मातीला न खिलवता थेट पिकाला भरवतो, या दोन्ही गोष्टी जैविकच्या मूळ विचाराच्या विरुद्ध. वरून निंबोळीचा मुलामा दिला म्हणून आतला दाणा बदलत नाही.

आता याच्या उलट सायट्रिक ॲसिड. नाव ऐकून लोक घाबरतात, पण ते मळीसारख्या गोड द्रवावर बुरशी वाढवून, म्हणजे आंबवून काढतात, आणि प्रक्रियेच्या जवळजवळ सगळ्या जैविक याद्यांमध्ये आहे.

नैसर्गिक आहे म्हणजे पास नाही

अमेरिकेच्या यादीचं सूत्र मला आवडतं, नैसर्गिक ते चालतं, मनाई केलेलं सोडून, आणि कृत्रिम ते चालत नाही, परवानगी दिलेलं सोडून. त्या मनाईत आर्सेनिक आहे, कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन आहे, तंबाखूची पूड आहे. रोटेनोन नावाचं एक विष झाडाच्या मुळांतून निघतं, ते एके काळी जैविकवाल्यांचं लाडकं होतं, आता युरोपच्या यादीत नाही आणि अमेरिकेत सरळ बंद. आपल्याकडे अग्निअस्त्र या घरगुती फवाऱ्यात तंबाखू टाकतात. कोडेक्सच्या (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या) यादीत तंबाखूचा काढा आहे पण सर्टिफिकेशन एजन्सीने गरज मान्य केली तरच, आणि शुद्ध निकोटीन अजिबात नाही. तर तंबाखू टाकायच्या आधी विचारा. मी तर तंबाखू वगळूनच करतो, मिरची-लसणावर भागतं.

चिली देशात खाणीत मिळणारं सोडियम नायट्रेट पण असंच, शंभर टक्के नैसर्गिक, तरी कोडेक्सने वगळलेलं, कारण ते वागतं युरियासारखंच.

पायरेथ्रम शेवंतीच्या एका जातीच्या फुलांपासून निघतं, ते चालतं. सायपरमेथ्रिनसारखी त्याची कारखान्यात केलेली भावंडं नाही चालत. आणि पायरेथ्रमची धार वाढवायला बाटलीत पायपेरोनिल ब्युटॉक्साइड घातलं असेल तर कोडेक्सप्रमाणे ती बाटलीही गेली. म्हणून म्हणतो आतलं सगळं वाचा.

"मर्यादित" म्हणजे आधी विचारून

यादीत चालतं आणि चालत नाही याच्यामध्ये एक तिसरा खाना असतो, अटीवर चालतं. सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. जीवामृत, गांडूळखत, निंबोळी, ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, फेरोमोनचे सापळे यांना काही प्रॉब्लेम नसतो (जिवाणू-बुरशी जनुक बदललेली नसावी एवढंच). मोरचूद (कॉपर सल्फेट), बाहेरून आणलेलं शेणखत, पोल्ट्रीचं खत, सूक्ष्म अन्नद्रव्यं या गोष्टींना आधी एजन्सीची परवानगी. फवारून झाल्यावर नाही हां.

मोरचुदाचा हिशोब एकदा करूनच बघा. बुरशीवर मारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के. एकराला २०० लिटर फवारलं तर २ किलो मोरचूद, म्हणजे ५०० ग्रॅम तांबं. टोमॅटोवर करप्यासाठी चार फवारण्या झाल्या की २ किलो, हेक्टरी धरलं तर ५ किलो. युरोपची मर्यादा हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४. एका हंगामात आपण पुढे गेलो की! तांबं मातीत साठतं, कुठे उडून जात नाही, गांडुळांना त्रास होतो, म्हणून ही मर्यादा. तेव्हा किती वेळा मारलं त्याच्यापेक्षा किती ग्रॅम गेलं ते वहीत लिहा. आणि बोर्डो बनवल्यावर लोखंडी कोयता त्यात मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून टाका, नाहीतर पानं करपतील.

शहराचं कंपोस्ट

नवी मुंबईत राहतो म्हणून हा प्रश्न मला फार येतो, सोसायटीचं खत चालेल का, महापालिकेचं चालेल का. सांडपाण्याच्या प्लांटमधला गाळ नाही, अमेरिकेच्या नियमात तर स्पष्ट मनाई आहे. घरातला ओला कचरा सुरुवातीपासून वेगळा गोळा केलेला असेल तर त्याचं कंपोस्ट अटीवर चालू शकतं. नंतर चाळून वेगळा केलेला नको, त्यात बॅटरीचे सेल, ट्यूबलाइटच्या काचा काय काय गेलेलं असतं.

आणि लॅब रिपोर्ट "पास" आहे एवढ्यावर थांबू नका, कुठल्या मापाने पास ते बघा. खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १०० पर्यंत चालतं. युरोपच्या जैविक नियमात घरगुती कचऱ्याच्या कंपोस्टला कॅडमियम ०.७ आणि शिसं ४५. म्हणजे तेच पोतं इथे पास, तिथे नापास. आमच्या एका सोसायटीतल्या काकू ड्रममध्ये फक्त भाजीची देठं, चहाचा चोथा आणि निर्माल्य घालतात (हाराचे प्लॅस्टिकचे दोरे कात्रीने कापून बाजूला काढतात), ते खत मी परवानगी घेऊन परसबागेपुरतं वापरतो.

पाणी यादीत नसतं पण सगळी मेहनत घालवू शकतं. लोकलमधून रुळांच्या कडेला पालक, लाल माठ दिसतो ना, त्याला समजा युरियाचा एक दाणा पण टाकला नाही, तरी नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी जैविक होणार नाही. शेजाऱ्याच्या फवारणीचं पण तसंच, मधे बफर पट्टा सोडावा लागतो.

पोत्याची गोष्ट

एक वर्ष आम्ही सगळं नीट केलं होतं, आणि तपासणीला आलेल्या माणसाने शेडमध्ये शिरल्या शिरल्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे गवत भरून ठेवलेली आठ-दहा पोती होती, युरियाच्या छापाची. शेजाऱ्याकडून रिकामी आणलेली, धुतलेली. मी शपथेवर सांगत होतो, तो शांतपणे फोटो काढत होता. शेवटी मातीचा नमुना, खुलासा, दोन महिने लटकलो. चूक आमचीच. तेव्हापासून नियम केला, बारदान नवीन किंवा आपलंच, फवारणीचा पंप जैविकचा वेगळा, त्यावर हिरव्या पेंटची पट्टी, शेजाऱ्याला उसना द्यायचा नाही आणि त्याचा घ्यायचा नाही. यावरून घरात भांडण झालंय माझं, पण पंप दिला नाही.

प्रक्रिया केलेला माल: यादी बदलते

शेतात चालतं ते बरणीत चालेलच असं नाही. प्रक्रियेची यादी वेगळी आणि खूप छोटी असते, आणि पदार्थ कुठल्या कामासाठी त्यावर परवानगी असते. इथे आयएनएस नंबर, म्हणजे लेबलवर अशा पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, कामाला येतात. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, ४४० पेक्टिन, ४०६ अगर, ४१२ गवार गम, ५०० म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्यामुळे पापडखार घातलेल्या पापडांना घाबरायचं कारण नाही. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २२४ पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, १०२ टार्ट्राझीन हा पिवळा रंग, ही तिन्ही सरबताच्या बाटलीत विसरा.

मग सरबत टिकणार कसं? आपल्या आज्यांनी हा प्रश्न सोडवून ठेवलाय. कोकमाचं आगळ मिठावर टिकतं, अमृत कोकम साखरेवर, लोणचं मीठ-तेलावर. स्क्वॅश करायला गेलं की प्रिझर्वेटिव्ह लागतो, तर स्क्वॅश करू नका ना. आम्ही दोन सीझन स्क्वॅशच्या मागे लागलो, बाटल्यांची झाकणं उडाली, मग आगळावर परत आलो.

गुळाचं पण बघा. पिवळाधम्मक गूळ बऱ्याचदा हायड्रॉस ही रंग उजळवायची रासायनिक पावडर मारून केलेला असतो, जैविकला नाही चालत. कोल्हापूरकडे रानभेंडीच्या चिकट रसाने मळी काढतात, ती पद्धत चालते, गूळ तांबूस निघतो आणि ठाण्याचं गिऱ्हाईक विचारतं "काळा का हो?" सांगत बसायचं.

तेल घाण्याचं, हेक्झेन हे सॉल्व्हंट वापरून काढलेलं नाही. आंबे कार्बाइडवर पिकवणं तर जैविक असो नसो कायद्यानेच बंद आहे. तांदळाच्या कोठारात सल्फासच्या गोळ्या नाहीत, कडक ऊन, हवाबंद डबे, कडुनिंबाचा पाला यावर भागवायचं. मसाल्यांचं निर्जंतुकीकरण वाफेने करा. वाशीला २००० पासून मसाल्यांवर विकिरण करायचं सरकारी केंद्र आहे, तंत्र सुरक्षित आहे याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण विकिरण केलेला मसाला जैविक म्हणून विकता येत नाही, हे तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून मिरची घेताना विचारून घ्या. आणि इथिलीन ऑक्साइडचा वायू तर नाहीच, २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात तो सापडला तेव्हा युरोपभर माल परत मागवला गेला होता.

९५ टक्क्यांचा हिशोब

एनपीओपीत मीठ आणि पाणी सोडून ९५ टक्के घटक जैविक असतील तर पदार्थाला जैविक म्हणता येतं. ७० ते ९५ मध्ये असेल तर "जैविक घटकांपासून बनवलेला" एवढंच. आमचं कैरीचं लोणचं घ्या. कैरी १० किलो, तेल २ किलो, मोहरीची डाळ ६०० ग्रॅम, तिखट ५००, मेथी १५०, हळद १५०, हिंग ५०, मीठ १.८ किलो. मीठ वगळून १३.४५ किलो. हिंग आणि मेथी साधी असेल तर २०० ग्रॅम, म्हणजे दीड टक्का, आरामात पास. पण तेल साधं घेतलं की २ किलो, म्हणजे जवळपास १५ टक्के, झालं, लोणचं ८५ वर आलं. म्हणून पहिला पैसा जैविक तेलावर घालवा, हिंगावर नाही.

पण तो पाच टक्क्यांचा कोपरा म्हणजे काहीही टाकायची मुभा नाही, त्यातलं पण यादीत बसणारं हवं. बांधानी हिंगात मैदा आणि डिंक असतो, म्हणून त्याच्या डबीवरचं पण वाचायचं. आणि एकच घटक अर्धा जैविक अर्धा साधा असं मिसळता येत नाही, हळद कमी पडली म्हणून खालच्या किराणावाल्याकडून पाव किलो आणली असं नको.

यादीत नावच नसेल तर

यादीत नाही म्हणजे चालत नाही, सुरुवात इथून करायची. नवीन पदार्थ यादीत घेताना बघतात ते साधारण असं, खरंच गरज आहे का, आधीच मान्य असलेल्यातलं काही पुरत नाही का, बनवताना आणि वापरताना माती-पाणी-माणसं-जनावरांना त्रास किती. अमेरिकेत तर कृत्रिम पदार्थ घेतला तरी दर पाच वर्षांनी परत तपासतात. आपण कोणाकडे अर्ज करत बसणार नाही, पण हेच प्रश्न स्वतःला विचारले की निम्म्या बाटल्या घरीच गळतात.

उरलेल्यांसाठी मी एजन्सीला मेल करतो, फोन नाही, कारण फोनवरचं "हो चालेल" तपासणीच्या दिवशी कोणाला आठवत नाही. मेलमध्ये एवढंच: "आमच्या टोमॅटोवर करप्यासाठी अमुक उत्पादन वापरायचं आहे. लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो, कंपनीचं घटकांचं पत्र आणि बॅच नंबर जोडला आहे. एकरी प्रमाण इतकं, फवारण्या इतक्या. निंबोळी अर्क आणि ट्रायकोडर्मा वापरून झालं, तारखा वहीप्रमाणे सोबत. वापरता येईल का, कुठल्या अटीवर, ते लेखी कळवावं." उत्तर येईपर्यंत बाटलीचं सील तोडायचं नाही, बिलासकट कपाटात ठेवायची. सीलबंद बाटली आमचा दुकानदार कुरकुरत का होईना परत घेतो, फोडलेली घेत नाही.